आधी करंट, मग कार्बोरेटर

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडीनं पहिला आचका दिला. बाबांनी स्टिअरिंगखालचा दांडा ओढून गियर उतरवला. पन्नासएक मीटर गाडी चढली, मग पुन्हा आचका, मग लागोपाठ तीन-चार, आणि इंजिन बंद. मागून येणारे उसाचे रिकामे ट्रक हॉर्न देत बाजूनं निघून गेले. बाबांनी हँडब्रेक ओढला. मी उतरून चाकामागे दगड लावला.

"डिकीतलं फडकं आण. आणि पाण्याची बाटली."

काय करायचं हे न सांगता कळण्याइतकी वर्षं मी या गाडीच्या संगतीत काढली आहेत. बॉनेट उघडलं, इंजिनाच्या कुशीतल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळलं आणि आम्ही दोघं कठड्यावर बसलो. पाच मिनिटांत फडकं कोमट झालं. पुन्हा भिजवलं. पंधरा-वीस मिनिटांनी सेल्फ मारला तेव्हा इंजिनानं उलटा झटका दिला, मग नाराजीनं सुरू झालं. कसेबसे माथ्यावर पोचलो. गेल्या दोन वर्षांत हे पाचव्यांदा घडत होतं. तोवर तीन गॅरेजं झाली होती आणि तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळालं होतं : कार्बोरेटर.

आमची प्रीमियर पद्मिनी १९७९ची. बाबा तेव्हा नव्यानं शाळेत लागले होते. आजोबांनी नंबर लावून ठेवलेला होता आणि तो लागेपर्यंत घरातली दोन लग्नं उरकली होती. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, एकच कार्बोरेटर, बारा व्होल्टची बॅटरी. बॉनेट उघडलं की खाली रस्ता दिसतो, इतकी मोकळी जागा. ही मूळची इटलीची फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या बनू लागल्या. १९६४मध्ये 'डिलाइट' आली आणि १९७४मध्ये तिचं नाव 'पद्मिनी' झालं. नावं बदलली तरी आतलं यंत्र जवळजवळ तेच राहिलं, म्हणूनच या गाडीचं दुखणं ओळखणारी माणसं गावोगाव तयार झाली. आता ती माणसं म्हातारी झाली आहेत आणि त्यांच्या जागी बसलेल्या मुलांनी कार्बोरेटर उघडलेला नाही. यात मुलांचा दोष नाही. २०००च्या आसपास मोटारींमधून आणि २०२०मध्ये बीएस सिक्सचे नियम आल्यावर बहुतेक मोटारसायकलींमधूनही कार्बोरेटर गेला. न पाहिलेली गोष्ट शिकायची कुठे?

तरीही त्या दोन वर्षांत आमच्या गाडीचं जे झालं ते सांगितलं पाहिजे, कारण तसंच अनेक जुन्या गाड्यांचं होतं आहे.

पहिल्या गॅरेजनं तक्रार ऐकली : चढाला ओढत नाही, गरम झाली की बंद पडते. त्यांनी कार्बोरेटर उतरवला, धुतला, नवं पॅकिंग घातलं आणि "पेट्रोल कमी पडतंय" असं ठरवून मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं पितळेचं भोक, मोठा केला. गाडी थंड असताना बरी चालली. मात्र सायलेन्सरमधून काळं निघू लागलं, गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला आणि लिटरला बारा देणारी गाडी आठवर आली. दुसऱ्या गॅरेजनंही कार्बोरेटर उघडला आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे घेतलं. सपाट रस्त्यावर पिकअप सुधारला, आम्ही खूश झालो. पण घाटात कमी वेगात जोर लावला की इंजिनातून खडखड ऐकू येऊ लागली, डब्यात खिळे हलवल्यासारखी. तिसऱ्या गॅरेजनं कार्बोरेटरच बदलायला सांगितला. कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचा कार्बोरेटर पट्टी जोडून बसवू म्हणाले. बाबांनी चावी मागून घेतली.

त्या दिवशी घाट उतरल्यावर आम्ही थेट साताऱ्याला गेलो नाही. सुरूरचा फाटा ओलांडून भुईंजच्या अलीकडे, महामार्गापासून आत, उसाच्या कडेला एक पत्र्याची शेड आहे असं बाबांच्या एका माजी विद्यार्थ्यानं सांगितलं होतं. तिथले तात्या मुंबईला ताडदेवच्या बाजूला तीस-बत्तीस वर्षं टॅक्सींचं काम करून गावी परतलेले. साताऱ्याच्या घरटी एक माणूस मुंबईला, ही इथली रीतच. बहुतेक जण गिरणीत गेले, तात्या गॅरेजात.

त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी बाबांना चालूच ठेवायला सांगितली. स्वतः मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी उकिडवे बसले. हाताचा पंजा धुरासमोर धरला. मग पुढे येऊन एका कानानं इंजिन ऐकलं. मी बोलायला लागले की पेट्रोल गरम होऊन पंपात वाफ धरते, फडकं टाकलं की चालते, कार्बोरेटर दोनदा उघडून झालाय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ताई, पेट्रोलचं नंतर बघू. आधी करंट बघायचा."

गॅरेजच्या भाषेत करंट म्हणजे प्लगला येणारी ठिणगी. तात्यांनी मग एक गोष्ट केली जी मी कधी विसरणार नाही. त्यांनी एक जुनी बनियन घेतली, ती कार्बोरेटरवर टाकली आणि वरून सुतळी बांधली. "आज याला कुणी हात लावायचा नाही," असं आपल्या मुलाला बजावलं.

चारही प्लग काढून एका वर्तमानपत्रावर क्रमानं मांडले. एक, दोन, तीन, चार. चारही काजळीनं सारखेच काळे. "एकच काळा असता तर त्या सिलिंडरचं दुखणं. चारही सारखे म्हणजे सगळ्यांना एकाच ताटातून वाढलेलं काहीतरी बिघडलंय." मग प्रत्येक भोकावर अंगठा ठेवून मुलाला सेल्फ मारायला सांगितला. चारही ठिकाणी अंगठा सारख्याच जोरानं उडाला. कॉम्प्रेशन शाबूत. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा, आवाज कानानं तपासला. या सगळ्यात दहा मिनिटं गेली असतील आणि तेवढ्यात निम्म्या शंका पुसल्या गेल्या.

मग डेल्को. डिस्ट्रिब्युटरला जुने मेकॅनिक डेल्को म्हणतात. या शब्दाची मुळं अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन गावी आहेत. चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९मध्ये 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी' काढली, तिची आद्याक्षरं म्हणजे डेल्को. केटरिंगनं बॅटरीवर चालणारी ठिणगीची जी व्यवस्था कॅडिलॅकसाठी केली, तीच थोड्याफार फरकानं पुढची साठ-सत्तर वर्षं जगभरच्या मोटारींनी वापरली. आमच्या पद्मिनीतही तीच आहे. भुईंजच्या उसात उभा राहून एक म्हातारा माणूस डेटनचं नाव घेतो आणि त्याला त्याची कल्पनाही नसते, याचं मला फार अप्रूप वाटलं.

ही व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलमधून जातात. त्या वाटेवर एक छोटा स्विच असतो, सीबी पॉइंट. बाजरीच्या दाण्याएवढे दोन धातूचे ठिपके, एकमेकांना टेकलेले. मधला चौकोनी दांडा फिरतो आणि त्याचा कोपरा पॉइंटला उचलतो. ठिपके सुटले की प्रवाह अचानक तुटतो आणि तुटण्याच्या त्या क्षणी कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्ट उसळतात. तेच प्लगच्या फटीत उडी मारतात. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या करत असलं तर हे दर सेकंदाला शंभर वेळा घडतं. पॉइंटच्या शेजारी करंगळीच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. तो नसेल तर ठिपक्यांमध्येच ठिणग्या उडून ते जळतील आणि प्लगला काही पोचणार नाही.

आता वेळेचं गणित. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटलं म्हणजे लगेच स्फोट होत नाही. ज्योत सिलिंडरभर पसरायला दोनेक हजारांश सेकंद लागतात. तेवढ्यात पिस्टन थांबून राहत नाही. म्हणून पिस्टन माथ्यावर पोचायच्या थोडं आधीच ठिणगी द्यावी लागते, म्हणजे पूर्ण दाब तो उतरायला लागताना मिळतो. झोका देणारा माणूस झोका परत फिरायच्या बेतात असताना हात पुढे करतो, तसंच. मिनिटाला आठशे फेऱ्यांना एका हजारांश सेकंदात इंजिनाचा मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट, जेमतेम पाच अंश फिरतो. तीन हजारांना तेवढ्याच वेळात अठरा अंश. ज्योतीला लागणारा वेळ साधारण तेवढाच राहतो, पिस्टन मात्र पळायला लागतो. तेव्हा वेग वाढला की ठिणगीही आणखी आधी यायला हवी. ते काम डेल्कोच्या पोटात दडलेली दोन छोटी वजनं करतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात, वरचा चौकोनी दांडा थोडा पुढे सरकवतात; वेग उतरला की स्प्रिंगा त्यांना परत ओढतात.

तात्यांनी डेल्कोचं झाकण काढलं. रोटर, म्हणजे मधली फिरणारी पट्टी, अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच पिरगळला आणि सोडून दिला.

काहीच झालं नाही. रोटर जिथे सोडला तिथेच राहिला.

"बघितलं? हा टक करून माघारी यायला पायजे."

त्यांनी ते दोनदा करून दाखवलं, मग माझं बोट तिथे ठेवायला लावलं. वाटीच्या बुडाशी गूळ चिकटून बसावा तसा तो जाडसर, आडमुठा अडथळा बोटाला कळत होता. पॉइंटखालची पाटी उचलली तेव्हा खालची दोन वजनं दिसली. बोटाच्या दोन पेरांएवढी, वाळून डिंकासारख्या झालेल्या ग्रीसमध्ये रुतलेली. खुंट्यांवर तांबूस गंज. रोटरच्या खाली एक नमद्याची गोल टिकली असते. प्रत्येक सर्व्हिसिंगला त्या टिकलीवर तेलाचे दोन थेंब सोडायचे असतात, ते झिरपून खाली वजनांपर्यंत जातात. टिकली खडखडीत कोरडी होती. किती वर्षं कुणी थेंब सोडला नव्हता ते सांगता येणार नाही.

तिथल्या तिथे दोन वर्षांचा सगळा इतिहास माझ्यासमोर उलगडला. वजनं हलत नव्हती म्हणून वेगात ठिणगी उशिरा येत होती. उशिरा पेटलेलं मिश्रण पिस्टन उतरल्यावरही जळत राहायचं. त्यामुळे जोर कमी आणि उष्णता जास्त, सायलेन्सरचा पाइप आणि सगळं बॉनेटखालचं तापायचं. पहिल्या गॅरेजला जोर कमी दिसला, त्यांनी पेट्रोल वाढवलं. दुसऱ्यानं टायमिंगच पुढे ढकललं, त्यामुळे वेगात जरा बरं वाटलं. पण कमी वेगात ठिणगी आता फार लवकर येऊ लागली, म्हणून चढावर खडखड आणि गरम असताना सेल्फला उलटा झटका. प्रत्येकानं आधीच्याची चूक कुठे आहे हे न शोधता त्यावर आपला एक उपाय चढवला होता.

आणि फडकं? ते खोटं नव्हतं. पंप खरंच तापत होता, पेट्रोलची वाफ खरंच होत होती, ओल्या फडक्यानं ती खरंच विरत होती. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी मे महिन्यात हे फडकं वर्षानुवर्षं वापरलं आहे. पण आमच्या बाबतीत पंप तापण्याचं कारण बाहेरचं ऊन नव्हतं, उशिरा पडणारी ठिणगी होती. उपाय लागू पडला म्हणजे निदान बरोबर असं आम्ही दोन वर्षं धरून चाललो.

वजनं रॉकेलमध्ये भिजत पडली तोवर तात्यांनी चहा मागवला. मी विचारलं, करंटपासूनच सुरुवात करायची हे कधीपासून? ते म्हणाले, गॅसनं शिकवलं. २०००नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. त्याआधी गाडी मिसिंग मारते म्हटलं की तेही पहिल्यांदा कार्बोरेटर खोलत. गॅसच्या गाड्यांमध्ये पेट्रोल बंद, कार्बोरेटरमधून एक थेंब जात नाही, जेट चोकअप होण्याचा प्रश्नच नाही. आणि तरीही गिऱ्हाईक तीच तक्रार घेऊन यायचं. तोच आचका, तसंच चढाला न ओढणं. "मग कळलं, इतकी वर्षं आपण चुकीच्या दारावर थाप मारत होतो." शिवाय गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, त्याला ठिणगी आणखी लवकर लागते आणि जोरकसही लागते. कमकुवत कंडेन्सर पेट्रोलवर कसाबसा निभावतो, गॅसवर लगेच उघडा पडतो.

हे ऐकून मला पटलं ते नुसतं अनुभवाचे बोल म्हणून नाही. त्यामागे एक क्रम आहे आणि तो यंत्रातूनच आलेला आहे. पॉइंटची फट बदलली की टायमिंग आपोआप बदलतं : पॉइंटची टाच झिजून फट कमी झाली की ते उशिरा सुटतात आणि ठिणगी मागे पडते. टायमिंग बदललं की इंजिनाची ओढ बदलते, स्लो स्पीड वरखाली होतो. स्लो स्पीड बदलला की कार्बोरेटरचे स्क्रू पुन्हा लावावे लागतात. हे पाणी फक्त वरून खाली वाहतं. जेट कितीही बदलला तरी पॉइंटची फट त्यानं सुधारत नाही. म्हणून टॅपेट, मग पॉइंट, मग टायमिंग आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. उलट्या क्रमानं काम केलं तर प्रत्येक पायरीवर आधीचं काम वाया जातं, आणि तेच आमच्या गाडीचं झालं होतं.

पॉइंट नवे घालावे लागले. जुन्यांच्या एका ठिपक्यावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा तयार झाला होता. फिलर गेजची पाती सरकवून फट लावली; पाती ओढताना हाताला किंचित घासल्यासारखी वाटली पाहिजे, अडकता कामा नये आणि सैलही नको. कंडेन्सर तात्यांनी आपल्या डब्यातला दिला. तो भंगारात गेलेल्या एका टॅक्सीतून काढलेला होता. नवा का नाही, असं विचारल्यावर ते एवढंच म्हणाले की हा चाललेला आहे. पुढे पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत आणि बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात मी हेच ऐकलं. जुन्या गाड्या ठेवणारे लोक नव्या डबीतल्या कंडेन्सरपेक्षा चालून दाखवलेल्या जुन्या कंडेन्सरला जास्त पैसे देतात.

टायमिंग लावायला तात्यांनी वापरलं ते एक बल्ब आणि दोन वायरी. पहिल्या सिलिंडरच्या भोकावर मुलाचा अंगठा, गाडी टॉप गियरमध्ये, आणि मी व बाबा मागून ती वीत-वीत ढकलतोय. अंगठ्याला हवा लागली, म्हणजे कॉम्प्रेशनचा फेरा. पुढच्या पुलीवरची खूण ठरलेल्या रेघेशी आली तिथे थांबलो. बल्बची एक वायर कॉइलकडून डेल्कोकडे जाणाऱ्या टोकाला, दुसरी बॉडीला. चावी ऑन. पॉइंट मिटलेले असतील तर बल्ब विझलेला. सुटले की पेटतो. तात्यांनी डेल्कोचा क्लॅम्प सैल केला आणि दोन्ही हातांनी डेल्को इतका हळू फिरवला की फिरतोय हे दिसत नव्हतं. बल्ब लागला. केसभर मागे, विझला. केसभर पुढे, लागला. तिथे बोल्ट आवळला. आवळल्यावर पुन्हा एकदा तपासलं, कारण आवळताना डेल्को सरकतो.

मग इंजिन चालू करून टायमिंग लाइट लावली. पहिल्या नंबरच्या वायरीला चिमटा, आणि प्रत्येक ठिणगीबरोबर लखलखणारा दिवा पुलीवर धरलेला. फिरणारी पुली त्या प्रकाशात थिजल्यासारखी दिसते. मुलानं रेस वाढवली तशी खूण रेघेपासून सरकत वर गेली, रेस सोडल्यावर परत जागेवर आली. तात्यांनी तो दिवा बाबांच्या हातात दिला. पंचेचाळीस वर्षं ज्या गाडीत बसलो तिच्या आतली ही हालचाल बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. त्यांनी चार-पाच वेळा रेस वाढवायला सांगितली.

एवढं झाल्यावर सुतळी सोडली आणि बनियन काढली.

कार्बोरेटरची कल्पना साधी आहे. हवा अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, तिथला दाब उतरतो आणि शेजारच्या वाटीतलं पेट्रोल त्या ओढीनं फवाऱ्यासारखं वर येतं. विल्हेल्म मायबाखनं १८९३मध्ये बनवलेल्या फवारा-कार्बोरेटरपासून हेच तत्त्व आहे. आमचा सोलेक्स जातीचा. वाटीत पितळेचा फ्लोट तरंगतो, पातळी भरली की तो नीडल दाबून पेट्रोल बंद करतो. मेन जेटवर एक आकडा कोरलेला असतो, तो म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. तात्यांनी जेट काढून भिंगाखाली धरला आणि माझ्याकडे दिला. आकडा मूळचाच होता, पण भोक गोल नव्हतं. कडेला ओरखडे, एका बाजूला लांबट. आमच्या जेटला कुणीतरी ड्रिल मारलं होतं. बिलात 'जेट बदली' लिहिलेलं होतं.

फ्लोट गरम पाण्याच्या भांड्यात बुडवला. एका झाळलेल्या सांध्यातून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. म्हणजे फ्लोटमध्ये पेट्रोल शिरत होतं, तो जड होऊन खाली बसत होता आणि वाटीतली पातळी वाढत होती. चारही प्लग काळे होण्याचं दुसरं कारण हे. फ्लोटमधलं पेट्रोल काढून सांधा डाग देऊन बंद केला.

वाटीच्या तळाशी मिठासारखी पांढरी पूड होती. तात्यांनी ती बोटावर घेतली. "हे आपल्या उसाचं." शेडच्या मागे तुरे आलेला ऊस उभा होता आणि दोन-तीन किलोमीटरवर किसन वीर साखर कारखाना. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायला २०२३मध्ये सुरुवात झाली आणि आता पंपावर बहुतेक तेच मिळतं. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. गाडी दोन-दोन महिने उभी राहिली की ते पाणी टाकीच्या आणि वाटीच्या तळाशी जमतं, आणि कार्बोरेटरचा मिश्रधातू खायला लागतं. जुन्या रबरी नळ्या फुगतात, मऊ पडतात. याहून महत्त्वाची गोष्ट मिश्रणाची. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. नव्या गाडीचा सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरला डोळे नाहीत. पितळेतलं भोक जेवढं, तेवढंच इंधन तो देणार. म्हणजे १९७९ साली बरोबर असलेला जेट आज सात-आठ टक्क्यांनी अपुरा आहे, आणि पातळ मिश्रण सावकाश आणि गरम जळतं.

तेव्हा पहिल्या गॅरेजचा संशय अगदीच निराधार नव्हता. जेट थोडा मोठा हवा होता. पण किती, हे टायमिंग दुरुस्त झाल्याशिवाय कळणारच नव्हतं, आणि ते ड्रिलनं तर नक्कीच नाही. तात्यांनी आधी मूळ मापाचा जेट बसवून गाडी फिरवून आणली, प्लग काढून रंग बघितला, पांढरट होता. मग एक पायरी मोठा. पुन्हा चक्कर, पुन्हा प्लग. फिकट तपकिरी, बिस्किटाच्या रंगाचा. तिथे थांबले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदललेली प्रत्येक गोष्ट वहीत लिहायची, हे त्यांनी मला चारदा सांगितलं. त्यांची स्वतःची वही तेलकट आहे आणि तिच्यात मुंबईच्या टॅक्सींचे नंबर आहेत. त्यांतली एकही गाडी आता रस्त्यावर नाही. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३पासून शहरातल्या टॅक्सींमध्ये पद्मिनी उरली नाही. कुर्ल्याचा कारखाना त्याआधीच गेला होता.

खासगी गाड्यांचं वेगळं आहे. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. २०२१चा नियम आहे. आमची २०२९मध्ये पात्र होईल. बाबांना ती नोंदणी नको आहे, कारण तशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. त्यांना साताऱ्याला जायला गाडी हवी आहे, प्रदर्शनात मांडायला नाही. मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटतं. उभी राहिलेली गाडीच आधी बिघडते. ग्रीस वाळतं ते उभ्या गाडीत, आणि पांढरी पूडही उभ्या गाडीतच जमते.

निघताना तात्यांनी तेलाची एक छोटी बाटली दिली, सलाइनची बारीक नळी तोंडाला लावलेली. नमद्याच्या टिकलीवर दोन थेंब, महिन्यातून एकदा. दोनच, जास्त सोडले तर तेल पॉइंटवर जाऊन जळतं. मजुरी विचारली तेव्हा त्यांनी सांगितलेला आकडा इतका कमी होता की बाबांनी तो दोनदा विचारला.

परतीची वाट बोगद्यातून, घाट नाही. खरी परीक्षा पुढच्या फेरीला, पुण्याहून जाताना. नोव्हेंबरातली दुपार होती. खंडाळा ओलांडलं, घाट सुरू झाला. पहिलं वळण, दुसरं वळण. ज्या कठड्यावर आम्ही बसलो होतो तो डाव्या हाताला मागे गेला. बाबांनी दांडा तिसऱ्यावर ठेवला होता आणि तो तसाच राहिला. एका ठिकाणी पुढे ट्रक रेंगाळला, वेग उतरला, बाबांनी पाय दाबला तेव्हा इंजिनानं अगदी हलकी टकटक केली आणि वेग घेताच ती थांबली. इतकी असायलाच हवी, हे तात्यांनी सांगितलेलं होतं.

माथ्यावर गाडी बाजूला घेतली. मी बॉनेट उघडून पंपावर तळवा ठेवला. गरम होता, पण हात ठेवता येत होता. पाण्याची बाटली भरलेली होती आणि डिकीतलं फडकं घडी घातलेलं, कोरडं.